टॅब, ई-रीडर की फोनच बरा? आधी तुमची पुस्तकं कोणत्या रूपात आहेत ते पाहा

गेल्या वर्षी मावशीच्या पंचाहत्तरीला आम्ही भाचरांनी वर्गणी काढून तिला सहा इंची ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला. तिचं वाचन दांडगं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फोनचा उजेड तिला सोसेना, आणि घरात नव्या पुस्तकांना जागा उरली नव्हती. सगळं जुळून आल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांनी गेले तर ती खिडकीशी बसून त्यावर एका दिवाळी अंकाची पीडीएफ वाचत होती. पान दोन रकान्यांचं, अक्षरं खसखशीच्या दाण्याएवढी. मोठी केली की अर्धा रकाना पडद्याबाहेर जायचा. मग बोटाने पान ओढायचं, ओळ संपली की पुन्हा उलटं ओढायचं, आणि दर खेपेला पडदा काळा-पांढरा चमकून क्षणभर थांबायचा. "अगं, एक पान वाचेपर्यंत माझी कणीक मळून होते," मावशी म्हणाली.

यंत्र चांगलंच होतं. मावशी जे वाचते ते तिच्यापर्यंत कोणत्या रूपात येतं, एवढंच आम्ही विचारलं नव्हतं.

"वाचायला काय घेऊ?" असं ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं. दसरा-दिवाळीच्या सवलती लागल्या की जास्तच. दुकानात रॅम, प्रोसेसर, कॅमेऱ्याचे आकडे ऐकायला मिळतात. वाचणाऱ्याला, त्यातही मराठी वाचणाऱ्याला, त्यांचा उपयोग थोडा. पडदा कसा उजळतो, पुस्तकाची फाइल कशी असते आणि देवनागरी अक्षराला जागा किती लागते, हे कळलं की निम्मं काम झालं.

पडदे दोन जातींचे

फोन आणि टॅबचा पडदा आकाशकंदिलासारखा असतो. दिवा आत, त्यावर रंगीत कागद, आणि कागदातून गाळून आलेला उजेड आपल्या डोळ्यांत. एलसीडी पडद्यात मागे खरोखरच दिवा असतो. महागड्या फोनांतल्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, म्हणजे लाखो पणत्यांची रांग. दोन्हींत उजेड यंत्रातून येतो, आणि दिवा तेवत राहतो तोवर बॅटरी जळत राहते.

ई-रीडरचा पडदा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. त्याचा स्वतःचा उजेड नाही. खोलीतला किंवा उन्हाचा उजेड त्यावर पडतो आणि परत फिरून आपल्यापर्यंत येतो. या पडद्याला ई-इंक म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्यावर काम झालं आणि १९९७ मध्ये त्याच नावाची कंपनी निघाली. आज ती तैवानमध्ये आहे, आणि बाजारातल्या बहुतेक ई-रीडरांवर नाव कुणाचंही असलं तरी पडदा याच कंपनीचा असतो.

या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे नि काळे कण. दोघांचे विद्युतभार विरुद्ध. खालून एका दिशेने विजेचा दाब दिला की पांढरे कण वर येतात, उलट दिला की काळे. अशा काळ्या-पांढऱ्या टिंबांची अक्षरं बनतात. गंमत पुढे आहे. एकदा कण जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी ते तिथेच राहतात. रांगोळीसारखं. काढताना कष्ट पडतात, पण काढून झाल्यावर ती पुसेपर्यंत आपोआप राहते. म्हणून ई-रीडरची बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना.

मात्र कंपन्या हे आठवडे मोजतात ते बहुधा रोज अर्धा तास वाचन धरून. तुम्ही रोज तीन तास वाचत असाल तर त्याच हिशेबाने कमी धरा. तरी फोनपेक्षा ते कितीतरी जास्तच भरेल.

रांगोळीचा तोटाही यात आला. पुसून पुन्हा काढायला वेळ लागतो. मावशीचं पान ओढताना पडदा चमकून थांबायचा तो यामुळेच. ई-इंकवर व्हिडिओ बघणं किंवा फोटो मागेपुढे सरकवणं जिवावर येतं. कथा-कादंबरीत मिनिटा-दीड मिनिटाने एकदा पान उलटायचं असतं, तिथे हा उशीर जाणवतही नाही.

अंधारात काय? आताच्या ई-रीडरांत कडेला बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड पडद्यावर आडवा पसरतो आणि तिथून आपल्याकडे येतो, म्हणजे पुस्तकावर टेबललॅम्प धरल्यासारखा. भर दुपारी अंगणात किंवा एसटीच्या खिडकीशी बसून वाचायचं असेल तर ई-इंकला तोड नाही. ऊन जितकं कडक तितकं पान स्वच्छ. टॅब तिथे आरसा होतो.

पाणी आणि बर्फाची लादी

आता फाइल. सगळी गफलत इथेच होते.

ई-पुस्तकं मुख्यतः दोन रूपांत मिळतात. एक, वाहता मजकूर. ईपब नावाचा प्रकार आणि किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरची स्वतःची फाइल या जातीतल्या. त्यात पान असं ठरलेलं नसतं. पाणी जसं ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतं, तसा हा मजकूर पडद्याच्या मापाने बसतो. अक्षर मोठं केलं की ओळीत शब्द कमी बसतात आणि पानांची संख्या वाढते. काहीही पडद्याबाहेर जात नाही.

दुसरं रूप पीडीएफ. ती बर्फाची लादी. छापखान्यासाठी पान जसं जुळवलं, तसंच्या तसं गोठवलेलं. लहान पडद्यावर ते फक्त आक्रसतं.

किती आक्रसतं, हे एकदा मोजून पाहा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. सहा इंची ई-रीडरचा पडदा रुंदीला साधारण ९ सेंटिमीटर. म्हणजे कागदावर १२ पॉइंटचं (पॉइंट हे छापील अक्षराच्या आकाराचं माप) असलेलं अक्षर तिथे पाच पॉइंटचं होतं. औषधाच्या पाकिटावर आत घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकाची अक्षरं आठवा. सात इंची ई-रीडरवर सहा पॉइंट. फोनवर चार. दहा इंची टॅब उभा धरला तर पावणेआठच्या आसपास, आणि अकरा इंची, जरा रुंद बेताच्या टॅबवर नऊ. नऊ पॉइंटपासून वाचणं जमू लागतं. तोच टॅब आडवा धरला आणि पान वरून खाली सरकवत वाचलं तर अक्षर कागदापेक्षाही थोडं मोठं दिसतं.

इंग्रजी वाचकाला हा प्रश्न एवढा छळत नाही. इंग्रजीत जवळपास प्रत्येक नवं पुस्तक वाहत्या रूपात मिळतं. मराठीचं तसं नाही. ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, बालभारतीची पाठ्यपुस्तकं, इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी दुर्मिळ पुस्तकं, मित्रमंडळींत फिरणारे दिवाळी अंक: यातलं बहुतेक सगळं पीडीएफ आहे. त्यामुळे इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेले "कोणता ई-रीडर घ्यावा" छापाचे सल्ले वाचून खरेदी केली तर आमच्यासारखी फसगत होते.

वाहतं मराठी नाहीच, असं मात्र नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकं आणली. हिंदी, तमीळ, गुजराती आणि मल्याळम पुस्तकंही त्याच वेळी आली. तेव्हापासून तिथे कादंबऱ्या, अनुवाद, आत्मचरित्रं बऱ्यापैकी जमली आहेत. पुण्याच्या बुकगंगाकडेही मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, आणि किंडलच्या यंत्रावर दुसऱ्याचं ॲप टाकता येत नाही. तुमच्या आवडीचे लेखक नेमके कुठे मिळतात, हे यंत्र घेण्याआधी शोधा. दहा पुस्तकांची यादी करा आणि एकेक नाव टाकून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्या अर्ध्या तासाने आमची वर्गणी वाचली असती.

पीडीएफचं ईपब करून घेतलं की झालं, नाही का?

हे मलाही सुचलं होतं. संगणकावर मोफत सोय आहे, इंग्रजीत ते बऱ्यापैकी चालतं. मराठीत तीन वेगवेगळ्या खड्ड्यांतून जावं लागतं.

पहिला खड्डा जुन्या फॉन्टांचा. यूनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक देणारी पद्धत. ती रुळण्याआधी, आणि कित्येक छापखान्यांत नंतरही, मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवली गेली. त्यांत संगणकाच्या लेखी साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा एखादी खूण, आणि फॉन्ट त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवतो. पान छापलं की कुणाला काही कळत नाही. पण फाइलीतून मजकूर उपसून काढला की मुखवटा गळतो आणि हाती लागतो रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा नि कंस यांचा खच.

दुसरा खड्डा यूनिकोडमध्ये जुळवलेल्या पीडीएफचा. पीडीएफला अक्षर कसं दिसतं याच्याशी मतलब, कसं उच्चारतात याच्याशी नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, उच्चारात नंतर येते. मजकूर काढताना ती बऱ्याचदा आधीच्याच जागी अडकते आणि "किती"चं "िकती" होतं. पानभर असं वाचून डोकं दुखायला लागतं.

तिसरा खड्डा जुन्या पुस्तकांच्या स्कॅनचा. तिथे मजकूर नाहीच, पानाचे फोटो आहेत. फोटोतली अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम आता मराठीतही चांगलं काम करतात, पण पिवळ्या पडलेल्या पानांवर जोडाक्षरं चुकतातच. दोनशे पानांचं पुस्तक हाताने तपासायची तयारी असेल तर जरूर करा. तशी माणसं आहेत, मराठी विकिस्रोतावर ती हेच काम करतात, आणि मला त्यांचा फार आदर वाटतो. पण मावशीला उद्या सकाळी चहाबरोबर वाचायचं आहे.

दऱ्या आणि दर्या

आणखी एक बारीक गोष्ट आहे. ती दुकानदार कधी सांगणार नाही. आपली लिपी तीन मजली आहे. मधे अक्षर, वर मात्रा-रफार-अनुस्वार, खाली उकार-ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीत १० पॉइंट म्हटलं की अक्षर ऐसपैस दिसतं. तेवढ्याच उंचीत देवनागरीचे तिन्ही मजले बसवायचे तर मधलं अक्षर आपोआप खुजं होतं. म्हणून मराठी वाचणाऱ्याला अक्षर एक-दोन पायऱ्या मोठं ठेवावं लागतं आणि पडदा जास्त सुबक लागतो.

सुबकपणा मोजायचा तो इंचात किती ठिपके बसतात त्यावर. आताच्या बहुतेक ई-रीडरांत एका इंचात ३०० ठिपके असतात. चांगल्या टॅबवर २६० च्या पुढे. साडेआठ-नऊ इंची स्वस्त टॅबमध्ये १८० च्या आसपास. १८० ठिपक्यांवर "वैशिष्ट्य" हा शब्द लिहून जवळून बघा. ष, ट आणि य यांचा गुंता होऊन डाग दिसतो. इंग्रजी मजकूर त्याच पडद्यावर चालून जातो.

अक्षरं बरोबर जोडली जातात का, हेही तपासायला हवं. "डोंगरदऱ्या"तली दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या यांत फरक फक्त र जोडण्याच्या पद्धतीचा. "आचाऱ्यास बोलाव" म्हटलं तर स्वयंपाकी येईल, "आचार्यास बोलाव" म्हटलं तर गुरुजी. हा अर्धचंद्रासारखा र मराठीची खास गरज आहे, हिंदीत तो लागत नाही. यूनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. त्यातल्या एका तऱ्हेत एक न दिसणारं जोडचिन्ह मधे घालतात. फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात नेताना ते चिन्ह गळलं की साऱ्या दऱ्यांचा समुद्र होतो. तसाच "ॲ". त्याला यूनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, म्हणून जुन्या यंत्रावर तिथे रिकामी चौकट दिसू शकते. शेंडीवाला श आणि मराठी वळणाचा ल काही फॉन्टांत हिंदी वळणाने येतात. त्याने अर्थ बिघडत नाही, डोळ्याला मात्र खुपतं.

म्हणून दुकानात जाताना फोनवर एक ओळ लिहून न्या: दऱ्या, ऱ्हास, वैशिष्ट्य, क्लृप्ती, ॲसिड, लक्ष्मी, शाळा. जे यंत्र घेणार त्यावर ती ओळ उघडायला सांगा. शोभेसाठी मांडलेल्या टॅबवर फिरणारी रंगीत चित्रं मराठी वाचनाबद्दल काहीच सांगत नाहीत.

फोन आहे की घरात, मग आणखी खर्च कशाला?

रास्त प्रश्न. बातम्या, लेख, व्हॉट्सॲपवर आलेलं वाचन, लोकलमध्ये उभ्याने वाचलेली एखादी कथा: एवढंच असेल तर दुसरं यंत्र घेऊ नका. वाहत्या मजकुराची पुस्तकं फोनवरही नीट उघडतात. किंडलचं ॲप मोफत आहे, बुकगंगाचंही आहे. आधी दोन महिने फोनवरच वाचून बघा आणि खरंच किती पुस्तकं संपवता ते मोजा. दोन महिन्यांत एकही संपलं नसेल तर सतरा हजारांचं यंत्र घेऊन ती सवय लागेल, या आशेवर मी तरी पैसे खर्च करणार नाही.

फोनची अडचण चाळिशी लागल्यावर सुरू होते. अक्षर पुरेसं मोठं केलं की ओळीत तीन शब्द मावतात. "महानगरपालिकेच्या" एवढा एकच शब्द अर्धी ओळ खातो, आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या नादात शब्दांमध्ये दात पडल्यासारख्या फटी दिसतात. डोळा सतत खाली-खाली घरंगळतो. दुसरी अडचण म्हणजे हाक मारणारे. गोष्ट रंगात आली की गॅसवाल्याचा निरोप येतो, मग बँकेचा, मग सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून वाद सुरू होतो. ई-रीडरवर यातलं काही येत नाही. माझ्या मते त्याच्या किमतीतला मोठा वाटा या शांततेचाच आहे.

वजनाचंही बघा. साधा सहा इंची किंडल १५८ ग्रॅमचा, पाव किलोपेक्षाही कमी. दहा-अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे पोह्यांची अर्धा किलोची पिशवी. पोह्यांची पिशवी आडवं पडून तोंडासमोर वीस मिनिटं धरून पाहा. मनगटाचं दुखणं असलेल्या माणसासाठी टॅब घेणार असाल तर स्टँडचे पैसे आधीच धरा.

पडद्याने डोळे बिघडतात का?

पडद्याच्या निळ्या उजेडाने डोळा खराब होतो, असं अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांची संघटना म्हणत नाही, आणि त्यासाठी मिळणाऱ्या खास चष्म्यांचीही ती शिफारस करत नाही. डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात ते मुख्यतः पापणी न लवल्याने. एरवी आपण मिनिटाला पंधरा वेळा पापणी लवतो, पडद्याकडे टक लावली की पाच ते सात वेळा. उपाय फुकट आहे: दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. ई-रीडरवर अनेकांना आराम वाटतो, मावशीलाही वाटला. उजेड डोळ्यांत न येता पानावर पडतो, आणि खोलीतल्या उजेडाइतकाच राहतो, हे त्याचं मोठं कारण असावं. काचबिंदू किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) विकार असेल तर मात्र यंत्र निवडण्याआधी डॉक्टरांना विचारा.

झोपेचं प्रकरण वेगळं. २०१४ च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ जणांना झोपण्याआधी काही तास पाच रात्री टॅबवर आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचायला दिलं होतं. टॅबच्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली, आणि झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन उशिरा वाढलं. माणसं थोडी होती आणि टॅबचा उजेड पूर्ण ठेवला होता, हे लक्षात ठेवा. तरी रात्री अंथरुणात वाचणाऱ्याने ई-रीडर घ्यावा किंवा टॅबचा उजेड अगदी मंद करावा, इतपत अर्थ त्यातून नक्की निघतो.

मुलांच्या अभ्यासाला टॅब द्यावा का?

पाठ्यपुस्तकं रंगीत, चित्रं-नकाशे असलेली आणि पीडीएफ. त्यामुळे यंत्र द्यायचंच तर मोठा टॅब, हे उघड आहे. पण द्यायचं का, यावर थांबून विचार करा. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचलेला जास्त समजतो, असं त्यात दिसलं. वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी वाढतो. कथेच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. मला हे फार उपयोगाचं वाटतं. भूगोलाचा धडा कागदावर, गोष्टीचं पुस्तक कुठेही. बालभारतीची पुस्तकं स्वस्त असतात. शाळेचं पुस्तक हातात आहे म्हटल्यावर त्याची पीडीएफ टॅबवर वाचायला लावण्यात काही साधत नाही.

रंगीत ई-इंक आणि पेनाने लिहायचे ई-रीडर

हल्ली रंगीत ई-रीडर निघाले आहेत. बहुतेकांत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची जाळी बसवलेली असते. काळा मजकूर ३०० ठिपक्यांचा, रंगीत भाग १५० चा, आणि जाळीमुळे पान जरा मळकट दिसतं. मुखपृष्ठ पाहायला बरं, दिवाळी अंकातली चित्रं पाहायला अपुरं. मी तरी त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणार नाही.

दहा इंची ई-इंक यंत्रांचं तसं नाही. पीडीएफ बऱ्यापैकी मोठी दिसते, पेनाने समासात लिहिता येतं, आणि त्यातल्या काही यंत्रांत, उदाहरणार्थ बूक्स नावाच्या यंत्रांत, फोनांतलं अँड्रॉइड असल्याने मराठी पुस्तकांची वेगवेगळी ॲपं एकाच ठिकाणी चालतात. वकील, संशोधक, संपादक, रोज शंभर पानं तपासणारी माणसं: यांना ते फळतं. किंमत मात्र चांगल्या टॅबच्या बरोबरीची किंवा वर.

विकत घेतलेलं ई-पुस्तक आपलं असतं का?

कागदी पुस्तकासारखं नाही. आपण घेतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकलेल्या काही पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. पैसे परत केले आणि पुढे माफीही मागितली, पण तसं करता येतं हे सगळ्यांना कळलं. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेली किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. मावशी वाचलेलं पुस्तक शेजारच्या काकूंना देते, काकू त्यांच्या सुनेला. कुलूपबंद ई-पुस्तक असं हातोहात फिरत नाही. ही उणीव मला खरंच बोचते, आणि त्यामुळे जे पुस्तक आयुष्यभर जवळ हवं ते मी अजून छापीलच घेते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाचीचं गणित निराळं आहे. तिला मराठी पुस्तक मिळायचं तर टपालखर्च पुस्तकाहून जास्त येतो, तिच्यासाठी परवानासुद्धा मोलाचा.

टॅब घ्यायचं ठरलं तर

पीडीएफ जास्त असेल, किंवा वाचनाबरोबर नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, भजनं ऐकणं, रेल्वेचं तिकीट काढणं हेही हवं असेल, तर टॅबच. दहा इंचांच्या खाली जाऊ नका. ठिपके इंचाला २२० च्या वर बघा. अँड्रॉइडच्या सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षं मिळणार ते विचारा. त्या थांबल्या की हळूहळू बँकेची नि पैशांची ॲपं चालेनाशी होतात. सिम लागतंच असं नाही, घरात वाय-फाय असेल तर तेवढे पैसे वाचतात. साठवणीची फार चिंता नको. वाहत्या मजकुराचं पुस्तक एक-दोन एमबीचं असतं, स्कॅन केलेलं पन्नास-शंभर एमबीचं, तरी ६४ जीबीत कपाटं मावतात.

दृष्टी फारच अधू झाली असेल तर टॅब किंवा फोनची आणखी एक बाजू आहे. यूनिकोडमधला मराठी मजकूर अँड्रॉइड मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज यंत्राचाच, पण शब्द समजतात. शिवाय स्टोरीटेलसारख्या ॲपवर माणसाच्या आवाजातली मराठी पुस्तकं आहेत.

मावशीचा तो ई-रीडर आता मावसभावाकडे आहे. तो रोज अंबरनाथहून दादरला जातो आणि महिन्याला दोन कादंबऱ्या संपवतो, सगळ्या वाहत्या मजकुराच्या. मावशीला आम्ही अकरा इंची टॅब घेतला आणि आईने आजोबांचं पोथीचं लाकडी व्यासपीठ माळ्यावरून काढून दिलं. टॅब त्यावर आडवा नीट बसतो, हात मोकळे राहतात. परवा गेले तेव्हा ती एक जुना स्कॅन केलेला अंक उघडून बसली होती. लेख नव्हे, शेवटच्या पानावरची केशतेलाची जाहिरात दोन बोटांनी मोठी करून पाहत होती. "हीच बाटली होती आमच्याकडे," म्हणाली, आणि झाकणाचा आकार दिसेपर्यंत ती आणखी मोठी केली.